संथ मोजणी वेगवान कशी करावी: रिलेशनल डेटाबेसमधील काउंट क्वेरींसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

एखाद्या टेबलात किती नोंदी आहेत हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर डेटाबेसला स्वस्तात देता येत नाही. ज्या अटींवर पहिल्या शंभर नोंदी काही मिलिसेकंदांत मिळतात, त्याच अटींवर ‘एकूण किती’ असे विचारले की क्वेरी कित्येक सेकंद चालत राहते. याचे कारण सरळ आहे. शंभर नोंदी मिळाल्या की थांबता येते, मोजणीत मात्र शेवटची नोंद पाहिल्याशिवाय थांबता येत नाही. मोजणी म्हणजे वाचनच; वाचलेले बाहेर पाठवले जात नाही, एवढाच काय तो फरक. त्यामुळे पुढे सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक उपायाचे मूळ एकच आहे: उत्तरासाठी डेटाबेसला जी पाने (डेटा साठवण्याचे ठरावीक आकाराचे तुकडे) चाळावी लागतात, ती कमी करणे. हे एकदा ध्यानात ठेवले की कोणता उपाय कुठे लागू पडेल आणि कुठे वाया जाईल, हे प्रयोग करण्याआधीच बरेचसे कळते.

लेखातील तपशील मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेसचे आहेत. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये जिथे वागणूक वेगळी आहे तिथे तसे स्वतंत्रपणे सांगितले आहे. सर्व उदाहरणांत ‘ऑर्डर्स’ नावाचे एक टेबल गृहीत धरले असून त्यात १ कोटी नोंदी आहेत.

आकडा आधीच तयार का नसतो

डेटाबेस नोंदींची एकूण संख्या कुठेतरी लिहून का ठेवत नाही, हा प्रश्न रास्त आहे. मायएसक्यूएलचे जुने मायआयसॅम इंजिन (डेटा साठवणारा भाग) ती खरोखरच लिहून ठेवत असे आणि त्यामुळे अटीविना केलेली मोजणी तिथे क्षणार्धात होत असे. परंतु ते इंजिन संपूर्ण टेबलावर लॉक (इतरांना थांबवणारे कुलूप) घेई आणि ट्रान्झॅक्शनची, म्हणजे सगळे बदल एकत्र पार पडतील किंवा एकत्र रद्द होतील याची, हमी देत नसे. आवृत्ती ५.५ पासून मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी हे मूलभूत इंजिन झाले आणि ती सोय गेली.

इनोडीबी काय किंवा पोस्टग्रेस काय, दोन्हींत एकाच क्षणी वेगवेगळ्या ट्रान्झॅक्शनना टेबलाचे वेगवेगळे चित्र दिसू शकते. समजा, एका सत्रात दहा हजार नोंदी पुसल्या आहेत, पण कमिट, म्हणजे बदल पक्के करणे, अजून झालेले नाही. त्या सत्राच्या दृष्टीने टेबलात ९९ लाख ९० हजार नोंदी आहेत, तर शेजारच्या सत्राच्या दृष्टीने पूर्ण १ कोटी, आणि दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा अस्तित्वात नसल्यामुळे प्रत्येक मोजणीत ‘ही नोंद मला दिसायला हवी का’ हे नोंदीगणिक तपासावे लागते. पोस्टग्रेसमध्ये ही माहिती, म्हणजे नोंद कोणत्या ट्रान्झॅक्शनने निर्माण केली आणि कोणत्या ट्रान्झॅक्शनने पुसली, मुख्य टेबलातल्या नोंदीवरच लिहिलेली असते. इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदी लवकर शोधण्यासाठी ठेवलेल्या क्रमवार सूचीत, ती नसते. ही एक गोष्ट पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडणार आहे.

पहिली पायरी: आधी मोजमाप

कोणताही बदल करण्यापूर्वी क्वेरीचा प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवणार याचा आराखडा, पाहावा. तो दाखवणारी नुसती एक्सप्लेन आज्ञा पुरेशी नाही. ‘एक्सप्लेन (ॲनालाइझ, बफर्स)’ असे लिहून क्वेरी प्रत्यक्ष चालवावी, म्हणजे वेळेबरोबरच किती पाने वाचली गेली तेही दिसते. माझ्या मते बफरचा, म्हणजे वाचलेल्या पानांचा, आकडा वेळेपेक्षा अधिक विश्वासार्ह असतो. वेळ यंत्रावरील भारानुसार बदलते, पानांची संख्या सहसा स्थिर राहते.

पोस्टग्रेसचे एक पान मूलतः ८ किलोबाइटचे असते. आपल्या टेबलातील एक नोंद शीर्षकासह सुमारे २०० बाइटची धरली, तर एका पानात साधारण ४० नोंदी मावतात. म्हणजे १ कोटी नोंदींना अडीच लाख पाने, अर्थात जवळजवळ २ गिगाबाइट लागतात. प्लॅनमध्ये ‘सेक स्कॅन’ (टेबल क्रमाने वाचणे) आणि त्याखाली ‘शेअर्ड हिट’ (स्मृतीत सापडलेली पाने) व ‘रीड’ (बाहेरून आणलेली पाने) यांची बेरीज अडीच लाखांच्या आसपास दिसली, तर डेटाबेसने अख्खे टेबल चाळले असा त्याचा अर्थ. बेरीज अडीच लाखांऐवजी दहा लाख आली, तर टेबल फुगलेले आहे, म्हणजे त्यात मृत (पुसलेल्या किंवा बदलून जुन्या झालेल्या) नोंदींनी किंवा रिकाम्या जागेने पाने अडवली आहेत. मोठ्या प्रमाणावर नोंदी पुसल्यानंतरही मोजणी पूर्वीइतकीच संथ राहते, ती बहुधा याचमुळे. पुसलेल्या नोंदींची पाने टेबलातच राहतात आणि सेक स्कॅनला तीही वाचावी लागतात.

प्लॅन वाचताना ‘रोज रिमूव्ड बाय फिल्टर’ ही ओळ आवर्जून पाहावी. अटीत बसणाऱ्या नोंदी पाच हजार आणि गाळलेल्या नोंदी नव्वद लाखांहून अधिक असतील, तर इंडेक्सची गरज उघड आहे. मात्र प्लॅन पॅरलल असेल, म्हणजे काम एकाच वेळी चालणाऱ्या अनेक वर्कर प्रक्रियांत वाटलेले असेल, तर हा आकडा प्रत्येक वर्करची सरासरी असतो, त्यामुळे त्याला ‘लूप्स’ने गुणावे लागते.

क्वेरी एकदाच चालवून निष्कर्ष काढू नये. मोठा डेटा नव्याने भरल्यानंतर पहिल्या वाचनाच्या वेळी पोस्टग्रेस नोंदींवर त्यांच्या ट्रान्झॅक्शनची स्थिती दर्शवणाऱ्या खुणा करतो, त्यामुळे केवळ वाचणारी क्वेरीसुद्धा लेखन करते आणि पहिली मोजणी अधिक वेळ घेते. शिवाय टेबल शेअर्ड बफर्सच्या (पोस्टग्रेसच्या स्मृतीतील पानांच्या साठ्याच्या) चौथ्या हिश्श्याहून मोठे असेल, तर सेक स्कॅन छोट्या वर्तुळाकार जागेतूनच पाने फिरवतो. कारण एका मोजणीने सर्वांचा कॅशे धुऊन निघू नये. त्यामुळे दुसऱ्यांदा चालवल्यावरही ‘रीड’चा आकडा मोठा दिसल्यास गोंधळून जाऊ नये, ती पाने बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशेमधून आलेली असतात.

दुसरी पायरी: नेमके काय हवे आहे ते ठरवणे

इंडेक्सकडे धावण्याआधी हा आकडा कोण वापरणार आहे, याचा शोध घ्यावा. तो फक्त शून्याशी तुलना करण्यासाठी काढला जात असेल, तर मोजणीची गरजच नाही. ‘एक्झिस्ट्स’ वापरावे, म्हणजे अटीत बसणारी पहिली नोंद सापडताच काम थांबते. प्रलंबित ऑर्डर आहे की नाही एवढेच पाहायचे असताना सगळ्या प्रलंबित ऑर्डर मोजणारा कोड आश्चर्य वाटावे इतक्या ठिकाणी आढळतो.

शोधनिकालांच्या पानावर ‘एकूण ३ लाख ४७ हजार ११२ निकाल’ असे दाखवायचे असेल, तर त्यातील शेवटच्या अंकांचा वाचणाऱ्याला काही उपयोग नसतो. ‘१००० हून अधिक’ एवढे पुरणार असेल, तर मोजणीला मर्यादा घालता येते:

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम (सिलेक्ट १ फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर स्टेटस = 'पेंडिंग' लिमिट १००१) ॲज क्ष;

उत्तर १००१ आले तर ‘१००० हून अधिक’ असे लिहावे, त्यापेक्षा कमी आले तर तोच नेमका आकडा. पुढचे पान आहे की नाही एवढेच कळायला हवे असेल, तर एका पानावर २० नोंदी दाखवताना २१ मागवाव्यात. एकविसावी मिळाली म्हणजे पुढे पान आहे. या दोन्ही युक्त्यांना आणि ‘एक्झिस्ट्स’लाही एक मर्यादा आहे. अटीत बसणाऱ्या नोंदी थोड्या असतील आणि त्या अटीसाठी इंडेक्स नसेल, तर १००१ चा आकडा कधी गाठलाच जात नाही आणि अख्खे टेबल वाचले जातेच. मायएसक्यूएलमध्ये यासाठी पूर्वी वापरली जाणारी ‘एसक्यूएल_कॅल्क_फाउंड_रोज’ ही सोय ८.०.१७ पासून कालबाह्य ठरवली आहे. नव्या कोडमध्ये ती वापरू नये.

अचूक आकडा खरोखर हवाच असेल, उदाहरणार्थ हिशेब जुळवण्यासाठी, तर पुढील पायऱ्यांकडे वळावे.

तिसरी पायरी: क्वेरीची घडण

काउंट(*) ऐवजी काउंट(१) लिहिल्याने वेग वाढतो, असा एक समज फार जुना आहे आणि तो चुकीचा आहे. मायएसक्यूएलमध्ये दोहोंत काहीच फरक नाही, आणि पोस्टग्रेसमध्ये काउंट(*) हाच सर्वांत कमी कामाचा प्रकार आहे. काउंट(कॉलम) मात्र अर्थानेच वेगळा आहे, कारण तो नल (रिकामे मूल्य) असलेल्या नोंदी वगळतो. नोंदी मोजायच्या असतील तर काउंट(*) लिहावे आणि हा विषय तिथेच सोडावा.

खरा वेळ जातो तो जॉइनमध्ये, म्हणजे टेबले एकमेकांना जोडण्यात. यादीच्या क्वेरीवरून मोजणीची क्वेरी आपोआप तयार करणाऱ्या ओआरएममुळे (प्रोग्रॅमच्या कोडवरून एसक्यूएल लिहून देणाऱ्या साधनामुळे) ग्राहकाचे नाव, पत्ता आणि वस्तूंची यादी आणण्यासाठी जोडलेली सगळी टेबले मोजणीतही येतात. त्यातच एका ऑर्डरला अनेक वस्तू असल्यामुळे नोंदींची संख्या वाढते, आणि ती पुन्हा खाली आणण्यासाठी काउंट(डिस्टिंक्ट आयडी) लिहिले जाते. म्हणजे आधी नोंदी दुप्पट-चौपट करायच्या आणि मग त्या वेगळ्या काढण्यासाठी सगळ्यांची क्रमवारी लावायची. मोजणीची क्वेरी हाताने लिहावी, जे टेबल संख्येवर परिणाम करत नाही ते काढून टाकावे, आणि ‘ज्या ऑर्डरमध्ये अमुक वस्तू आहे’ यासारखी अट जॉइनऐवजी ‘एक्झिस्ट्स’ने मांडावी. मग प्रत्येक ऑर्डर एकदाच मोजली जाते आणि डिस्टिंक्टची गरज उरत नाही.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे कॉलमवर चढवलेले फंक्शन. ‘डेट(क्रिएटेड_ॲट) = '२०२४-०३-१५'’ असे लिहिल्यास क्रिएटेड_ॲटवरचा साधा इंडेक्स निरुपयोगी होतो. तीच अट ‘क्रिएटेड_ॲट >= '२०२४-०३-१५' अँड क्रिएटेड_ॲट < '२०२४-०३-१६'’ अशी लिहावी. इथे बिटवीन वापरू नये, कारण त्यात वरची मर्यादाही धरली जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीच्या ठोक्याची नोंद आदल्या दिवसात मोजली जाते.

चौथी पायरी: मोजणीसाठी इंडेक्स

इंडेक्सचा मोजणीला होणारा फायदा दोन प्रकारचा असतो आणि ते दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला सर्वांना ठाऊक आहे: अटीत बसणाऱ्या थोड्या नोंदींपर्यंत थेट पोहोचणे. दुसरा कमी लोकांच्या लक्षात येतो: इंडेक्स हा टेबलापेक्षा कितीतरी लहान असतो, म्हणून तो पूर्ण वाचावा लागला तरी परवडतो. आपल्या १ कोटी नोंदींच्या टेबलावर ८ बाइटच्या पूर्णांकाचा बी-ट्री (झाडासारख्या रचनेचा, क्रमवार) इंडेक्स असेल, तर तो नव्याने बांधलेला असताना सुमारे २७ हजार पानांचा, म्हणजे सव्वादोनशे मेगाबाइटच्या आत भरतो. टेबलाची अडीच लाख पाने वाचण्याऐवजी ही २७ हजार पाने वाचून मोजणी झाली, तर काम नवव्या हिश्श्यावर येते.

यासाठी पोस्टग्रेसमध्ये इंडेक्स-ओन्ली स्कॅन ही पद्धत आहे. ती २०१२ साली आवृत्ती ९.२ मध्ये आली. ती निवडली जाण्याची अट अशी की, क्वेरीत उल्लेख असलेला प्रत्येक कॉलम इंडेक्समध्ये असला पाहिजे. एकच कॉलम बाहेर राहिला, तरी प्रत्येक नोंदीसाठी मुख्य टेबलात जावे लागते. व्यवहारात हा बाहेर राहिलेला कॉलम बहुतेक वेळा ‘डिलीटेड_ॲट इज नल’ या अटीतला असतो. नोंद खरोखर न पुसता पुसल्याची खूण करणाऱ्या प्रणालींत ही अट प्रत्येक क्वेरीला चिकटलेली असते, आणि इंडेक्स बांधताना तिचा विसर पडतो.

समजा, एका ग्राहकाच्या विशिष्ट कालावधीतल्या ऑर्डर मोजायच्या आहेत. त्यासाठी पुढील इंडेक्स योग्य ठरेल:

क्रिएट इंडेक्स कन्करंटली ऑर्डर्स_मोजणी ऑन ऑर्डर्स (कस्टमर_आयडी, क्रिएटेड_ॲट) व्हेअर डिलीटेड_ॲट इज नल;

यातील तीन गोष्टी जाणीवपूर्वक ठरवलेल्या आहेत. समानतेची अट असलेला कॉलम आधी आणि कालावधीचा नंतर ठेवला आहे, कारण त्यामुळे हव्या त्या सगळ्या नोंदी इंडेक्समध्ये एकमेकींना लागून येतात. क्रम उलटा केला, तर त्या कालावधीतील सर्व ग्राहकांच्या नोंदी चाळाव्या लागतील. पुसल्याची अट इंडेक्सच्या व्याख्येत घातली आहे, त्यामुळे पुसलेल्या नोंदी इंडेक्समध्ये येतच नाहीत आणि तो लहान राहतो. शिवाय आवृत्ती ९.६ पासून अशा आंशिक इंडेक्सच्या अटीतला कॉलम इंडेक्समध्ये वेगळा नसला तरी इंडेक्स-ओन्ली स्कॅन होऊ शकतो. आणि ‘कन्करंटली’ वापरल्यामुळे इंडेक्स बांधला जात असताना टेबलावरचे लेखन थांबत नाही. ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि ती मध्येच अयशस्वी झाली तर अवैध ठरलेला अर्धवट इंडेक्स मागे राहतो, तो हाताने काढावा लागतो.

ठरावीक स्थितीच्या नोंदी मोजायच्या असतील आणि ती स्थिती विरळ असेल, तर आंशिक इंडेक्सइतका चांगला उपाय नाही. १ कोटींपैकी प्रलंबित ऑर्डर वीस हजारच असतील, तर ‘व्हेअर स्टेटस = 'पेंडिंग'’ असा इंडेक्स जेमतेम काही डझन पानांचा होतो आणि मोजणी मिलिसेकंदांवर येते.

प्रत्येक नवा इंडेक्स प्रत्येक नव्या नोंदीला थोडा भार देतो. म्हणून मोजणीसाठी इंडेक्स जोडताना जुन्यांपैकी एखादा अनावश्यक झाला का, हेही त्याच वेळी पाहावे.

पाचवी पायरी: व्हॅक्यूम

योग्य इंडेक्स बांधला, प्लॅनमध्ये ‘इंडेक्स ओन्ली स्कॅन’ असे स्पष्ट लिहून आले, आणि तरीही क्वेरी संथच राहिली, असे अनेकदा घडते. अशा वेळी त्याच प्लॅनमधील ‘हीप फेचेस’ ही ओळ पाहावी. ती शून्याजवळ असायला हवी. ती लाखांत असेल, तर नाव इंडेक्स-ओन्ली असूनही डेटाबेस मुख्य टेबलात फेऱ्या मारत आहे.

याचे कारण सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टीत आहे. नोंद दृश्य आहे की नाही हे इंडेक्सला माहीत नसते. म्हणून पोस्टग्रेस प्रत्येक टेबलासोबत व्हिजिबिलिटी मॅप नावाचा लहानसा नकाशा ठेवतो. त्यात प्रत्येक पानासाठी २ बिट असतात आणि त्यांतील एक बिट सांगतो की ‘या पानावरची प्रत्येक नोंद सर्वांना दृश्य आहे’. आपल्या अडीच लाख पानांच्या टेबलाचा हा नकाशा सुमारे ६४ किलोबाइटमध्ये मावतो, म्हणजे तो पाहणे जवळजवळ फुकटच. बिट लागलेला असेल तर मुख्य टेबलात जावे लागत नाही. हा बिट लावण्याचे काम व्हॅक्यूमचे, म्हणजे मृत नोंदी साफ करणाऱ्या प्रक्रियेचे, आहे, आणि त्या पानावर कोणतीही नोंद बदलली, पुसली किंवा नवी आली की तो उतरतो.

म्हणजेच मोजणीचा वेग व्हॅक्यूम किती वारंवार होतो यावर अवलंबून आहे. ऑटोव्हॅक्यूमच्या (आपोआप चालणाऱ्या व्हॅक्यूमच्या) मूळ मांडणीनुसार टेबलातील सुमारे २० टक्के नोंदी मृत झाल्याशिवाय ते टेबल हाती घेतले जात नाही. १ कोटींच्या टेबलासाठी याचा अर्थ २० लाख बदल. ज्या टेबलात केवळ भर पडते, काहीही बदलत नाही, त्यांची स्थिती तर आवृत्ती १३ पूर्वी अधिक वाईट होती. तिथे मृत नोंदीच नसल्यामुळे ऑटोव्हॅक्यूम फार काळ फिरकतच नसे. २०२० मध्ये आलेल्या आवृत्ती १३ ने नव्या नोंदींच्या संख्येवरूनही व्हॅक्यूम सुरू होण्याची सोय केली, पण तिथेही मूळ प्रमाण २० टक्केच आहे. मोजणी महत्त्वाची असलेल्या मोठ्या टेबलासाठी ही प्रमाणे टेबलापुरती कमी करावीत:

ऑल्टर टेबल ऑर्डर्स सेट (ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर = ०.०१, ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_इन्सर्ट_स्केल_फॅक्टर = ०.०१);

त्यानंतर एकदा ‘व्हॅक्यूम (ॲनालाइझ) ऑर्डर्स’ हाताने चालवावे आणि पीजी_क्लास या पोस्टग्रेसच्या माहिती-टेबलातील ‘रेलऑलव्हिजिबल’ (बिट लागलेली पाने) व ‘रेलपेजेस’ (एकूण पाने) हे दोन आकडे ताडून पाहावेत. पहिला दुसऱ्याच्या जवळ असेल तर नकाशा भरलेला आहे. व्हॅक्यूम करूनही पहिला आकडा वाढत नसेल, तर कुठेतरी एखादे ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडे पडलेले असण्याची दाट शक्यता आहे. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ स्थितीतील एक विसरलेले कनेक्शन किंवा वापरात नसलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पाठवण्यासाठीची नोंद), एवढ्यानेही व्हॅक्यूमचे हात बांधले जातात. जुन्या चित्राला त्या नोंदी अजून लागतील, असे धरून तो पुढे जाऊ शकत नाही. इंडेक्स वाढवत बसण्यापेक्षा अशा वेळी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू सत्रांच्या यादीमध्ये सर्वांत जुने ट्रान्झॅक्शन शोधावे.

मायएसक्यूएलमधील वेगळेपण

इनोडीबीमध्ये मुख्य टेबल हाच प्राथमिक किल्लीचा (प्रत्येक नोंदीच्या एकमेव ओळखीचा) इंडेक्स असतो, म्हणजे प्राथमिक किल्लीवरून मोजायचे म्हटले की पूर्ण रुंदीच्या नोंदी वाचाव्या लागतात. म्हणून टेबलात एखादा अरुंद दुय्यम इंडेक्स असेल, तर अटीविना मोजणीसाठी ऑप्टिमायझर (प्लॅन निवडणारा भाग) साधारणपणे सर्वांत लहान दुय्यम इंडेक्स निवडतो; तो निवडला गेल्याची खात्री एक्सप्लेनमध्ये ‘की’ या रकान्यात करावी, आणि शेवटच्या रकान्यात ‘यूजिंग इंडेक्स’ असे दिसले पाहिजे. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे: प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये प्राथमिक किल्लीची प्रत असते. प्राथमिक किल्ली ३६ अक्षरांच्या यूयूआयडीच्या स्वरूपात साठवली असेल, तर सगळेच इंडेक्स फुगतात आणि सगळ्याच मोजण्या संथ होतात. दृश्यतेचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. दुय्यम इंडेक्सचे पान नुकतेच बदललेले असेल, तर इनोडीबीलाही मुख्य टेबलात जाऊन खात्री करावी लागते. प्रत्यक्ष वेळ दाखवणारे ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ मायएसक्यूएलमध्ये ८.०.१८ पासून उपलब्ध आहे.

ओरॅकल या आणखी एका डेटाबेसमध्ये बी-ट्री इंडेक्सच्या सर्व कॉलममध्ये नल असलेल्या नोंदी इंडेक्समध्ये येत नाहीत, त्यामुळे काउंट(*) साठी इंडेक्स वापरला जावा असे वाटत असेल तर किमान एक कॉलम ‘नॉट नल’ घोषित केलेला असावा.

पॅरलल वाचन

पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती ९.६ पासून मोजणीचे काम अनेक वर्करमध्ये वाटले जाऊ शकते. ‘मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर’चे मूळ मूल्य २ आहे, रात्रीच्या अहवालाच्या सत्रापुरते ते ४ किंवा ६ करून पाहायला हरकत नाही. पण हा उपाय पाने कमी करत नाही, तीच पाने अधिक हातांनी वाचतो. डिस्क आधीच पूर्ण वेगाने चालत असेल तर फायदा होत नाही, आणि एकाच वेळी अनेक वापरकर्ते अशी मोजणी करत असतील तर प्रोसेसरवरचा ताण वाढून सगळेच मागे पडतात.

अंदाज चालत असेल तर

संपूर्ण टेबलाचा अंदाजे आकडा पोस्टग्रेसच्या पीजी_क्लासमध्ये ‘रेलट्युपल्स’ या कॉलममध्ये मिळतो. तो व्हॅक्यूम किंवा ॲनालाइझच्या वेळी ताजा होतो. त्याला ‘रेलपेजेस’ने भागून टेबलाच्या सध्याच्या पानसंख्येने गुणले, तर मधल्या काळातील वाढही हिशेबात येते, प्लॅनर स्वतः हेच करतो. आवृत्ती १४ पासून कधीच ॲनालाइझ न झालेल्या टेबलासाठी हा आकडा उणे १ असतो, तेवढे कोडमध्ये सांभाळावे. अट लावलेल्या मोजणीचा अंदाज हवा असेल, तर साधे एक्सप्लेन जेसन स्वरूपात मागवून ‘प्लॅन रोज’ वाचता येते. एका कॉलमवरच्या अटीसाठी हा अंदाज सहसा कामाचा असतो. एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन-तीन कॉलमांवर अटी असतील, तर तो कित्येक पटींनी चुकू शकतो.

मायएसक्यूएलमधील ‘टेबल_रोज’ हा आकडा अधिक जपून वापरावा. इनोडीबीसाठी तो खऱ्या संख्येपेक्षा ४० ते ५० टक्क्यांनीही वेगळा असू शकतो, असे त्याच्या अधिकृत माहितीतच नमूद आहे, शिवाय ८.० पासून तो मूळ मांडणीनुसार २४ तास साठवून ठेवलेला असतो.

वेगवेगळे किती

काउंट(डिस्टिंक्ट …) पोस्टग्रेसमध्ये क्रमवारी लावून होते आणि ते पॅरलल होत नाही. त्याऐवजी आतल्या क्वेरीत ‘सिलेक्ट डिस्टिंक्ट कस्टमर_आयडी’ आणि बाहेर काउंट(कस्टमर_आयडी) असे लिहिल्यास हॅश पद्धत वापरता येते आणि बऱ्याचदा वेळ लक्षणीय घटतो. बाहेर काउंट(*) लिहू नये. आतल्या क्वेरीत नलचीही एक ओळ येते आणि उत्तर एकने वाढते.

अंदाज पुरणार असेल तर हायपरलॉगलॉग हा २००७ साली मांडलेला अल्गोरिदम वापरावा. त्याची प्रमाण चूक १.०४ भागिले खान्यांच्या संख्येचे वर्गमूळ एवढी असते; १६,३८४ खाने ठेवले तर चूक सुमारे ०.८ टक्के आणि जागा अवघी १२ किलोबाइट. पोस्टग्रेससाठी त्याचे एक्स्टेन्शन मिळते. त्याचा मोठा गुण म्हणजे रोजचे सारांश एकत्र जोडून महिन्याचे उत्तर काढता येते. रोजच्या अचूक वेगवेगळ्या ग्राहकांच्या आकड्यांची बेरीज करून महिन्याचा आकडा कधीच मिळत नाही, कारण तोच ग्राहक अनेक दिवशी मोजला गेलेला असतो.

शेवटची पायरी: आकडा साठवून ठेवणे

अचूक आकडा, तोही क्षणोक्षणी आणि मोठ्या टेबलावर हवा असेल, तर तो लिहून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. यातला सर्वांत सुरक्षित प्रकार म्हणजे संपलेल्या काळाचा सारांश. कालपर्यंतच्या ऑर्डरची संख्या दिवसवार एका लहान टेबलात ठेवावी आणि आजची तेवढी प्रत्यक्ष मोजावी. मागील तारखेच्या दुरुस्त्या होत असतील, तर गेल्या काही दिवसांचा सारांश दररोज नव्याने काढावा. पोस्टग्रेसमध्ये यासाठी मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचा साठवून ठेवलेला निकाल) वापरला, तर त्यावर युनिक इंडेक्स ठेवावा, म्हणजे ‘रिफ्रेश … कन्करंटली’ चालते आणि वाचणाऱ्यांना थांबावे लागत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये काउंट_बिग(*) असलेला इंडेक्स्ड व्ह्यू हेच काम आपोआप ताजा राहून करतो.

ट्रिगरने (टेबलात बदल होताच आपोआप चालणाऱ्या कोडने) चालणारा गणक अधिक ताजा असतो, पण त्यात एक धोका आहे. सगळी ट्रान्झॅक्शन एकाच ओळीत ‘अधिक १’ करू लागली, की त्या ओळीचे लॉक कमिट होईपर्यंत एकाच्याच हाती राहते. लॉक घेतल्यापासून कमिटपर्यंत २० मिलिसेकंद जात असतील, तर सेकंदाला ५० हून अधिक ऑर्डर नोंदवणे अशक्य होते, मग यंत्र कितीही शक्तिशाली असो. म्हणून गणकाची ओळ बदलण्याऐवजी वेगळ्या टेबलात ‘अधिक १’ किंवा ‘उणे १’ अशी नवी ओळ घालावी आणि वाचताना त्यांची बेरीज करावी. दर काही मिनिटांनी एका वेळापत्रकाच्या कामाने जमलेल्या ओळी पुसून त्यांच्या बेरजेची एकच ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये घालावी. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १० पासून ट्रिगर स्टेटमेंटच्या पातळीवर ठेवून नव्या नोंदींचा पूर्ण संच एकदम मोजता येतो, त्यामुळे पन्नास हजार नोंदींच्या एका इन्सर्टसाठी ‘अधिक ५०,०००’ अशी एकच ओळ पुरते. ट्रंकेट (टेबल एकदम रिकामे) केल्यावर डिलीटचा ट्रिगर चालत नाही. त्यासाठी वेगळा ट्रिगर लागतो.

गणक सुरू करण्याचा क्षण विशेष काळजीचा असतो. ट्रिगर आधी बसवला आणि मोजणी नंतर वेगळ्याने केली तर मधल्या नोंदी दोनदा मोजल्या जातात. उलट केले तर सुटतात. दोन्ही कामे रीड कमिटेड पातळीच्या (प्रत्येक क्वेरीला टेबलाचे ताजे चित्र दाखवणाऱ्या) एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, आधी ट्रिगर आणि मग मोजणी या क्रमाने करावीत. क्रिएट ट्रिगर टेबलावर असे लॉक घेते की कमिट होईपर्यंत दुसरे कोणी लिहू शकत नाही, आणि लॉक मिळाल्यानंतर सुरू झालेली मोजणी त्याआधी कमिट झालेले सर्व काही पाहते. तेवढा वेळ लेखन थांबणार असल्यामुळे हे काम कमी वर्दळीच्या वेळी ठेवावे, आणि मोजणीला किती वेळ लागतो ते आधीच्या पायऱ्यांतील इंडेक्स व व्हॅक्यूम पूर्ण करून अगोदरच तपासून घ्यावे.

पुढे दर आठवड्याला गणकाची बेरीज आणि प्रत्यक्ष काउंट(*) एकाच क्वेरीत, दोन उपक्वेरी म्हणून शेजारी शेजारी काढाव्यात. एका क्वेरीला टेबलाचे एकच चित्र दिसते, त्यामुळे त्या दरम्यान नोंदी येत राहिल्या तरी दोन्ही आकडे तंतोतंत जुळलेच पाहिजेत. फरक आढळल्यास तो आकड्यासकट लॉगमध्ये नोंदवावा आणि ट्रिगर तात्पुरते बंद करून डेटा भरणारी एखादी स्क्रिप्ट त्या आठवड्यात चालली होती का, हे सर्वांत आधी पाहावे.